दोन साहेब, एक फणी

केळं एक तर हिरवं असतं नाही तर पिवळं, असं मी वयाच्या बेचाळीस वर्षांपर्यंत समजत होतो. खानदेशात जन्म काढून हे अज्ञान बरं नव्हे. पण मी धुळ्याचा, केळीचा मुलूख तिकडे जळगावच्या पुढे, आणि माझं अर्धं आयुष्य बी-बियाणांच्या दुकानात गेलेलं. केळीला सात रंग असतात हे मला नोकरीच्या दुसऱ्या दिवशी कळलं. त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या रंगाच्या मधल्या फटीत माझी नोकरी जाऊ शकते, हे सहाव्या महिन्यात कळलं.

दुकान शेठजींचं होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलत. मुलं सुरतेला स्थिरावली, शेठजींचे गुडघे थकले आणि एका दिवाळीनंतर दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. त्यांच्याच ओळखीनं मी एका पुण्याच्या कंपनीत लागलो. ही कंपनी जळगाव भागातून कच्ची केळी घ्यायची, आपल्या चेंबरमध्ये पिकवायची आणि मोठ्या शहरांतल्या मॉलना पुरवायची. चेंबर जळगावला, आणि सगळीकडच्या गाड्या जिथून फुटतात ते डिस्पॅचचं गोदाम धुळ्याला, हायवेलगत. या दोन ठिकाणांमध्ये समन्वय साधणारा माणूस त्यांना हवा होता. तो मी.

नव्या लोकांना पहिल्या दिवशी कंपनीची माहिती देतात. त्या वर्गात माझ्या डाव्या-उजव्या बाजूला माझ्या मुलीच्या वयाची मुलं होती. तिथं सांगितलं की आपल्याकडे साहेब-बिहेब काही नाही, सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. पुण्यात ते चालत असेल. धुळ्यात माझे साहेब पस्तिशीचे, प्रशांत देवरे, साक्रीकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या धीरानं मला "सुभाष" म्हटलं आणि स्वतःच इतके अवघडले की पुढचं वाक्य विसरले. मी "बोला, प्रशांत" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. दुपारपर्यंत ते मला "नाना" म्हणू लागले, मी त्यांना "साहेब", आणि काम सुरू झालं.

आता धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कळेल. घड हिरवाच कापतात. त्याच्या फण्या वेगळ्या करून, धुऊन, प्लास्टिकच्या निळ्या क्रेटमध्ये भरतात आणि चेंबरमध्ये ठेवतात. चेंबर म्हणजे बंद, थंड खोली. तिथं फळाला पिकण्याचा वायू देतात आणि मग रोज थोडं थोडं तापमान उतरवत चार-पाच दिवसांत हवा तो रंग आणतात. पहिला रंग पूर्ण हिरवा, सातवा पिवळ्यावर तपकिरी ठिपके. मॉलमध्ये फळ पाचव्याला पोचायला हवं, म्हणून जळगावहून ते तीन ते चारच्या दरम्यान निघालं पाहिजे. धुळ्याला चारच्या वर दिसलं, तर पुढचा प्रवास त्याला झेपत नाही. ते परत जातं किंवा गावातल्या हातगाड्यांवर पडेल त्या भावात विकलं जातं, आणि तो तोटा ज्याच्या नावावर पडतो त्याचं वर्ष खराब जातं.

तोटा कोणाच्या नावावर, हाच भांडणाचा विषय.

जळगावच्या चेंबरचे प्रमुख भंगाळे साहेब. फैजपूरकडचे, घरची केळी, घरची कपाशी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. आवाज असा की चेंबरचं दार बंद असलं तरी ते आत आहेत हे बाहेर कळायचं. रागावले की टेबलावरची वस्तू उचलून दुसरीकडे आपटायचे, आणि दहा मिनिटांत स्वतः चहा घेऊन यायचे. मला या माणसाची भीती वाटली नाही. दुकानात शेठजीही असेच होते. सकाळची शिवी दुपारच्या चहात विरघळायची.

देवरे साहेब उलटे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. राग आला की ते गप्प बसत, आणि मेलला उत्तर म्हणून एकच शब्द पाठवत, "नोटेड." हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, नोंद घेतली. नंतर कळलं की भंगाळे साहेबांनी कप आपटण्यापेक्षा हा शब्द जड आहे. त्यांच्याशी कसं वागायचं ते समजायला मला तीन महिने लागले. "साहेब, हे करू का?" असं विचारलं की ते खिडकीकडे बघत. "साहेब, हे करू की ते करू?" असं विचारलं की लगेच बोट दाखवत. मग मी प्रत्येक गोष्टीचे दोन पर्याय करून न्यायला लागलो. घरीही तीच सवय लागली. बायको म्हणाली, "पोळी खाऊ की भाकरी खाऊ हे मला विचारू नका, ताटात जे असेल ते खा."

कंपनीच्या तक्त्यात माझ्या चौकोनातून दोन रेषा निघायच्या. देवरे साहेबांकडे जाणारी सरळ, भंगाळे साहेबांकडे जाणारी तुटक. तुटक रेषेचा अर्थ मला समजावून सांगितला होता, तो असा की भंगाळे साहेब माझे साहेब आहेतही आणि नाहीतही. सोप्या भाषेत, पगारवाढीच्या वेळी ते साहेब नाहीत आणि रागवायच्या वेळी आहेत.

हे दोन साहेब एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. आठवड्यातून तीनदा मी धुळे-जळगाव करायचो, त्यामुळे निरोप माझ्याबरोबरच जायचे. भंगाळे साहेब म्हणायचे, "त्या देवरेला सांगा, डोळे तपासून घे. केळं मी तीनला सोडलं होतं. तुझ्या गोदामात काय भट्टी लावलीये का?" मी धुळ्याला येऊन सांगायचो, "साहेब म्हणतात, एकदा पुन्हा पाहून घ्या, निघताना तीन होतं." देवरे साहेब थंडपणे म्हणायचे की ज्यांना आयुष्यभर शेतातलं केळं बघायची सवय आहे त्यांना मॉलचं केळं कळणार नाही. जळगावला त्याचं व्हायचं, "साहेब म्हणतात, इथं सव्वाचार दिसतंय, कारण शोधू या." मजकूर पोचवायचा, विशेषणं मध्ये पारोळ्याला चहा पिताना उतरवून ठेवायची, असा माझा नियम होता. पारोळ्याच्या त्या टपरीवर आमच्या कंपनीची बरीच विशेषणं पडलेली असतील.

ही व्यवस्था मोडली स्वप्नीलनं. स्वप्नील आमच्या धुळ्याच्या ऑफिसात आकडे जुळवून पुण्याला पाठवायचा. चोवीस वर्षांचा, हुशार, पुण्याहून बदलून आलेला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तो मला मेल पाठवायचा आणि प्रत पुण्यातल्या सहा जणांना. पहिल्या वेळी मी उत्तर लिहीत बसलो. दुसऱ्या वेळी उठलो, दोन कप चहा घेतला, त्याच्या खुर्चीपाशी जाऊन बसलो आणि तोंडी उत्तर दिलं. असं आठवडाभर केलं. शेवटी त्याला चहाचं अजीर्ण झालं असावं. मला येणारे मेल थांबले.

पण पुण्याला जाणारे नाही थांबले. एकदा भंगाळे साहेबांनी घाईत माझ्याऐवजी स्वप्नीललाच आवाजी निरोप पाठवला. त्यात डोळे, भट्टी आणि देवरे साहेबांच्या एम.बी.ए.बद्दल एक मत होतं. स्वप्नीलनं तो निरोप शब्दन् शब्द लिहून काढला, 'जळगावकडून आलेला फीडबॅक' असा मथळा दिला आणि पुण्याला पाठवला, प्रत देवरे साहेबांना.

देवरे साहेबांनी उत्तर दिलं, "नोटेड."

त्याच आठवड्यात माझे सहा महिने भरत होते. कंपनीत पहिले सहा महिने माणूस कच्चा. मग दोन्ही साहेबांनी शिफारस केली की तो पक्का. भंगाळे साहेबांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं. ज्याची भंगाळे साहेब स्तुती करतात तो माणूस आपला कसा, या विचारानं देवरे साहेबांनी काहीच लिहिलं नाही. पुण्याहून कळवलं की तुमची मुदत सहा महिने वाढवली आहे, आणि या काळात दोन्ही विभागांतला रंगाचा वाद मिटवणं हे तुमचं उद्दिष्ट राहील. न मिटल्यास पुढचा विचार करावा लागेल.

पुढचा विचार म्हणजे काय ते घरी सांगायची गरज नव्हती. मागे परतायला दुकान उरलं नव्हतं. मुलगी जळगावला कॉलेजात होती, धुळ्यात देवपूरच्या घराचे हप्ते चालू होते, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा फ्रेशर म्हणून कोण घेणार? दोन साहेबांपैकी कोणाचा रंग खरा ते मला ठरवायचं होतं. एकाचं नाव घेतलं की दुसरा शिफारस करणार नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

मी आकड्यांचा माणूस. मी फळाच्या गराचं तापमान घ्यायला सुरुवात केली. सुई फळात खुपसायची, आकडा बघायचा. जळगावला निघताना चौदा अंश, धुळ्याला उतरताना चौदा, फार तर साडेचौदा. म्हणजे गाडी थंड होती, रस्त्यात काही बिघडत नव्हतं. दोन तासांत चौदा अंशावर केळं एक टप्पा पुढे जात नाही. तरीही जळगावला मी स्वतः तीन पाहायचो आणि धुळ्याला त्याच क्रेटमधल्या त्याच फणीला स्वतः सव्वाचार म्हणायचो. दोन्ही साहेब बरोबर होते. डोळे तपासायची वेळ माझ्यावर आली होती. मी खरोखर जाऊन तपासून आलो. चष्म्याचा नंबर तोच निघाला.

अशात बायकोच्या भाचीचं लग्न ठरलं, आणि साडी घ्यायला आम्ही आग्रा रोडच्या बाजारात गेलो. आमच्या घरात साडीखरेदीत माझं काम पिशवी धरण्याचं. दुकानदारानं दहा-बारा साड्या पसरल्या, एक बायकोला पसंत पडली. मी खिशात हात घातला, तर ती साडी हातात घेऊन उठली आणि चपला न घालता सरळ दुकानाबाहेर पायरीवर गेली. पदर उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा धरला आणि आत येऊन म्हणाली, "ही नको. आत मोरपंखी दिसते, बाहेर नुसती हिरवी आहे."

दुकानदाराला त्यात नवल वाटलं नाही. रोज शंभर बायका हेच करतात. मीही हा प्रकार वीस वर्षं बघत आलो होतो, पिशवी धरून. पण त्या दिवशी मी पिशवी खाली ठेवली आणि स्वतः साडी घेऊन पायरीवर गेलो. बायकोला वाटलं मला आवडली.

जळगावच्या पॅकिंग हॉलमध्ये नव्या पांढऱ्या ट्यूब होत्या, निळसर झाक मारणाऱ्या. धुळ्याचं गोदाम म्हणजे एका जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याचं बंद शेड. खिडकी नाही, आणि छताला त्याच्याच वेळचे मोठे पिवळे दिवे, दिवसाही चालू. पांढऱ्या उजेडात फळ हिरवं दिसत होतं, पिवळ्या उजेडात पिवळं. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला फणी घेऊन गेटबाहेर उभा राहिलो. साडेतीन. मग जळगावला जाऊन तेच केलं. साडेतीन. दोघंही जवळजवळ सारखेच चुकत होते, एक खाली आणि एक वर.

आता खरी अडचण. कारण कळलं होतं, पण सांगायचं कसं? भंगाळे साहेबांना "तुमच्या ट्यूब खोट्या" म्हटलं असतं, तर टेबलावरची वस्तू या वेळी माझ्या दिशेनं आली असती. त्या ट्यूब त्यांनी पुण्याशी भांडून मिळवल्या होत्या. देवरे साहेबांना सांगितलं असतं तर "नोटेड". शिवाय हे शोधून काढलं कोणी, तर साडीनं. ते मेलमध्ये कसं लिहायचं?

डिसेंबर आला आणि वाट निघाली. थंडीत भंगाळे साहेब आपल्या शेतात सगळ्या स्टाफला भरीत खायला बोलवत. खानदेशात हे ऑफिसं, बँका, शाळा सगळे करतात. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, पातीचा कांदा आणि शेंगदाणे घालून फोडणी द्यायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर झाडाखाली बसून खायचं. देवरे साहेब आदल्या वर्षी गेले नव्हते, याही वर्षी जाणार नव्हते. मी त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे दोन पर्याय घेऊन गेलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्याबरोबर मोटारसायकलवर येता की स्वप्नीलच्या गाडीतून?" त्यांनी बोट स्वप्नीलच्या दिशेनं दाखवलं. दाखवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर स्वप्नीलनं "हो सर" म्हटलं होतं.

शेतात जाताना मी जळगावच्या मालातली एक फणी पिशवीत घेतली. भंगाळे साहेब जाळापाशी उभे राहून वांग्यांवर देखरेख करत होते. मी फणी उन्हात धरून विचारलं, "साहेब, हा रंग किती?" त्यांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "साडेतीन. सुटीच्या दिवशी कशाला छळता नाना?" देवरे साहेब लांब विहिरीपाशी एकटेच उभे होते. त्यांनी फणी हातात घेतली, फिरवली, खाली-वर पाहिलं आणि म्हणाले, "साडेतीन."

मग मी दोघांना एका झाडाखाली आणलं. आणलं म्हणजे, एकाला सांगितलं भरीत चाखायला बोलावलंय आणि दुसऱ्याला सांगितलं पाहुणे भरिताचं विचारतायत. दोघं समोरासमोर आल्यावर मी फणी मध्ये धरली.

"भंगाळे साहेबांनी हिला साडेतीन म्हटलं," मी म्हणालो, "आणि देवरे साहेबांनीही साडेतीन. मला वाटतं, आपले दिवे भांडतायत."

मग ट्यूब, पिवळे दिवे, तापमान सगळं सांगितलं. साडीचंही सांगितलं. एवढं केल्यावर ते लपवणं मला बरं वाटलं नाही.  भंगाळे साहेबांच्या हातात वांगं उलटायचा चिमटा होता, त्याच्याकडे मी लक्ष ठेवून होतो. पण पहिले बोलले ते देवरे साहेब, आणि तेही घरच्या अहिराणीत, जी मी त्यांच्या तोंडून ऑफिसात कधी ऐकली नव्हती.

"बठ्ठं वरीस दिवासना पायी गयं," ते म्हणाले. सगळं वर्ष दिव्यांपायी गेलं.

भंगाळे साहेब हसायला लागले. त्यांचं हसणं त्यांच्या रागाहून मोठं होतं, कामावरची माणसं जाळ सोडून बघायला आली. मग त्यांनी देवरे साहेबांच्या ताटात भरीत वाढलं आणि विचारलं, "खरं सांगा, मी आवाजी निरोपात तुमच्या शिक्षणाबद्दल जे म्हटलं..." देवरे साहेब म्हणाले, "नोटेड." आणि या वेळी ते स्वतः हसले.

दिवे बदलायला पुण्याची परवानगी लागली असती, म्हणून दोन्ही ठिकाणी दाराबाहेर एकेक टेबल मांडलं. रंग तिथंच, दिवसाउजेडी पाहायचा. कंपनीच्या कागदांत त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. जळगावला आणि धुळ्याला त्याला 'वहिनींची पायरी' म्हणतात.

वाद मिटला. साहेब थेट एकमेकांना फोन करू लागले, कधी कधी कामाशिवायही. माझ्या जळगावच्या फेऱ्या कमी झाल्या. पारोळ्याचा टपरीवाला विचारू लागला, "नाना, नोकरी सुटली की काय?" मी हसलो, पण ते हसणं घरी येईपर्यंत टिकलं नाही. हे त्याला दिसलं आणि मला दिसलं नव्हतं. दोन माणसं आपापसांत बोलू लागली, तर मधल्या माणसाचं काय काम?

एप्रिलमध्ये पुण्याच्या एच.आर. मॅडम जळगावला आल्या. तरुण, सौम्य, कामाच्या. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला दोन्ही साहेब आणि मध्ये मी. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन स्वप्नील. मॅडमनी आधी माझं अभिनंदन केलं. मग विचारलं, "सुभाष, गेल्या तीन महिन्यांत रंगावरून किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही."

"आणि दोन्ही टीम आता थेट बोलतात?"

"हो, रोज."

"मग समन्वयकाकडे नेमकं काय काम उरतं?"

देवरे साहेबांनी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. मला त्याचा अर्थ कळला. पण मला आकडा विचारला की जो असेल तोच तोंडातून निघतो. शेठजींकडे इन्कमटॅक्सचे साहेब आले होते तेव्हाही हेच झालं होतं आणि शेठजींनी आठवडाभर अबोला धरला होता.

"तसं पाहिलं, तर फारसं काही नाही," मी म्हणालो.

मॅडम खाली बघून काहीतरी लिहू लागल्या. मला एकदम मुलीच्या कॉलेजची इमारत आठवली, का ते माहीत नाही.  आणि मग भंगाळे साहेबांनी पेनस्टँड उचलून दुसरीकडे आपटला.

"रंगाचं मिटलं हो मॅडम," ते म्हणाले, "पण क्रेटचं काय? आमचे रिकामे क्रेट धुळ्यात जातात कुठं? तिथं जमीन गिळते का त्यांना?"

माझ्या कानावर असला विषय कधी आला नव्हता. देवरे साहेबांच्याही नसावा, कारण ते क्षणभर खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या थंड आवाजात म्हणाले, "जळगावहून येतात तेच कान तुटलेले येतात. त्यांचं आम्ही काय करावं? लोणचं घालावं?"

"लोणचं घाला नाही तर मुरांबा घाला, पण परत पाठवा."

"मोजून पाठवले असतील, तर मोजून परत येतील."

"म्हणजे आम्हाला मोजता येत नाही?"

"मी तसं म्हणालो नाही. तुम्हीच म्हणालात."

स्वप्नील भराभर टाइप करत होता. मॅडम या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, हे सगळं कोण बघणार? दोन्ही साहेबांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पक्का झालो.

बाहेर आल्यावर चहा पिताना भंगाळे साहेब एवढंच म्हणाले, "नाना, खरं बोलावं. पण विचारलं तेवढंच बोलावं." मी दबकत विचारलं, "साहेब, ते क्रेटचं खरं आहे का?" ते म्हणाले, "मला काय माहीत? आता तुम्ही मोजा."

मी मोजले. नेमणूकच त्यासाठी झाल्यावर न मोजून कसं चालेल? आणि क्रेट खरोखरच कमी निघाले, बरेच कमी. दोन्ही साहेबांना हे अनपेक्षित होतं आणि थोडं अडचणीचंही. मी शोधत सुटलो. काही ड्रायव्हरांच्या घरी कोंबड्यांखाली होते, काही चहाच्या टपऱ्यांवर बाकडी म्हणून. पारोळ्याचा टपरीवाला तर वर्षभर आमच्याच क्रेटवर स्टोव्ह ठेवून मला चहा पाजत होता. बरेच परत आले. पण दर वेळी मोजताना थोडे उणे यायचेच, आणि त्यावरून दोन्ही साहेबांमध्ये जे नाटकापुरतं सुरू झालं होतं ते हळूहळू खरं भांडण झालं. फरक एवढाच की आता ते माझ्यामार्फत न भांडता थेट भांडत.

एक गोष्ट लागून राहिली आहे. स्वप्नील त्या पावसाळ्यात पुण्याला परत गेला. जायच्या आदल्या दिवशी मी त्याला घरी जेवायला बोलावलं, शेवभाजी केली होती. जेवताना तो म्हणाला की धुळ्यात कोणाच्या घरी जेवायची ही त्याची पहिलीच वेळ. पहिल्या महिन्यातच त्याला बोलावलं असतं, तर कंपनीचे कितीतरी मेल वाचले असते, आणि त्या पोराचं ते वर्षही बरं गेलं असतं. नव्या माणसाशी कसं वागायचं असं मला कोणी विचारलं, तर मी आता एवढंच सांगतो.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा भरीत झालं. या वेळी देवरे साहेब मला न विचारता आले, सहकुटुंब. मी आणि बायको थोडे उशिरा पोचलो. जाळ धडधडत होता, बडगीत भरीत ठेचण्याचा आवाज येत होता, आणि झाडाखालून दोन्ही साहेबांचा आवाज. भंगाळे साहेब म्हणत होते की धुळ्याच्या लोकांना हिशेबच येत नाही, क्रेट चालून जातात का? देवरे साहेब म्हणत होते की मुळात जळगावहून किती निघतात हेच कोणाला माहीत नाही. दोघांच्या हातात ताट होतं. बोलता बोलता एक दुसऱ्याला भाकरी मोडून देत होता.

दोघंही उलट्या ठेवलेल्या निळ्या क्रेटवर बसले होते. कडेला वांगी भरून ठेवलेले आणखी दोन. देवरे साहेबांच्या मुलानं पाचव्याची गाडी करून त्यात बहिणीला बसवलं होतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "बोलणार आहात का?" तिनं हळूच विचारलं.

"मला कोणी विचारलेलं नाही," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.

जेवणं झाली, साहेब उठले, सगळे हात धुवायला विहिरीकडे गेले. मी वांग्यांचे क्रेट रिकामे केले, मुलांना चॉकलेट देऊन त्यांची गाडी सोडवली, पाचही क्रेट एकात एक रचले आणि कंपनीच्या टेम्पोत ठेवले. सोमवारी ते जमा दाखवले. कुठून मिळाले या रकान्यात लिहिलं, 'जळगाव आणि धुळे, दोन्हीकडून.'

पुण्याहून उत्तर आलं, "नोटेड."